बंदही करवत नाही, चालूही ठेववत नाही

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ४४ असून मी घरूनच भाषांतराची कामे करते. गेल्या तीन वर्षांत मी फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोनदा बंद केले आणि दोन्ही वेळा परत आले. दुसऱ्यांदा तर अवघ्या अकरा दिवसांत परतले, कारण शाळेतली एक मैत्रीण गंभीर आजारी असल्याचे मला सगळ्यांत शेवटी कळले. मला बरीचशी कामे तिथल्याच ओळखींतून मिळतात. मात्र इतरांचे प्रवास, त्यांच्या मुलांची यशे पाहिली की मन खट्टू होते आणि दोन तास कुठे गेले ते कळत नाही. गेल्या वर्षी वडील गेले. त्यांच्याविषयी मी लिहिले तेव्हा दोनशेहून अधिक जणांनी चार शब्द लिहिले आणि मला खरोखर धीर आला. पण चौथ्या दिवशी मी कोणी कोणी लिहिले नाही याची यादी मनात करत बसले होते. ज्या जिवलग मैत्रिणीने काहीच लिहिले नाही, तिच्याशी मी तेव्हापासून बोललेली नाही. नवरा म्हणतो, “एवढा त्रास होतो तर टाक ना काढून.” भाची म्हणते, “सगळे जगच तिथे आहे, तुझेच काहीतरी चुकते आहे.” मला वाटते, माझ्यात मनोनिग्रहच नाही. वडिलांचे खाते अजून तसेच आहे. त्यांच्या वाढदिवसाची आठवण फोनवर आली त्या दिवशी मी फोन आपटला आणि मग रात्री त्यांचेच फोटो पाहत बसले. राहू की सोडू, एकदाचे सांगा.
– ना धड आत, ना धड बाहेर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

एकदाचे सांगा, असे तुम्ही लिहिले आहे. परंतु ‘राहा’ आणि ‘सोडा’ ही दोन्ही उत्तरे तुम्ही स्वतःच करून पाहिली आहेत आणि दोन्ही तुम्हाला पुरलेली नाहीत. तेव्हा तिसऱ्यांदा तोच प्रश्न घेऊन बसण्याऐवजी प्रश्नच जरा उसवून पाहू. तुमच्या पत्रात मला निदान चार निरनिराळ्या गोष्टी दिसतात: माणसांची खबरबात, पोटापाण्याची कामे, इतरांशी होणारी तुलना आणि वडिलांचे दुःख. या चौघींना एकाच खात्यात, एकाच पडद्यावर, एकीखाली एक असे मांडले गेले आहे म्हणून त्या एकच गोष्ट वाटतात. त्यांपैकी दोन तुम्हाला हव्या आहेत, एक नको आहे आणि चौथी हवीही आहे आणि सोसवतही नाही. अशा वेळी मन दुभंगले तर त्यात मनाचा दोष नाही. समोरची वस्तूच तशी आहे आणि तुम्ही तिची पारख बरोबर केली आहे.

मनोनिग्रहाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो तुम्हाला विनाकारण छळतो आहे. ही माध्यमे आज आहेत तशी पहिल्या दिवशी नव्हती. फेसबुक २००४ साली सुरू झाले तेव्हा दुसऱ्याचे काय चालले आहे हे पाहायचे असेल तर त्याच्या पानावर मुद्दाम जावे लागे. सप्टेंबर २००६ मध्ये सगळ्यांच्या हालचाली एका धारेत समोर येऊ लागल्या. त्याच वर्षी आझा रास्किन या संगणक-रचनाकाराने असे पान रचले, जे खाली सरकवत गेले तरी संपतच नाही. पुढे त्यांनीच या रचनेबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाईक’चे बटण आले आणि आपण लिहिलेल्या प्रत्येक ओळीला आकडा चिकटला. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट फार पूर्वीच दिसून आली होती: दाणा प्रत्येक टोचीला मिळाला तर कबुतर भूक भागली की थांबते, पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर ते टोचतच राहते. फोन उघडल्यावर काय दिसेल याचाही नेम नसतो. कधी मैत्रिणीची आनंदाची बातमी, कधी नवे काम, बहुतेक वेळा काहीच नाही. अशा रचनेपुढे अकरा दिवस टिकणे हे मनोनिग्रह नसल्याचे लक्षण मी मानत नाही.

मात्र सगळे खापर यंत्रावर फोडणेही मला पटत नाही. ‘व्यसन’ हा शब्द हल्ली या बाबतीत फार स्वस्त झाला आहे. तुम्ही दुसऱ्यांदा परत आलात ते कोणत्या रचनेने ओढले म्हणून नव्हे. तुमची मैत्रीण आजारी होती आणि तुम्हाला ते कळले नाही म्हणून. ही ओढ माणसाची आहे आणि ती शाबूत असल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

तुमच्या यजमानांचे म्हणणे सरळ आहे आणि त्यात माया आहे, हे मला दिसते. तरीही ‘टाक काढून’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात एक रक्कम धरलेली नसते. माध्यम अस्तित्वातच नसणे ही एक स्थिती आणि सगळे तिथे असताना आपण एकटे बाहेर असणे ही दुसरी. २०२३ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना टिकटॉक आणि इन्स्टाग्रामविषयी हेच निरनिराळ्या प्रकारे विचारले. एकट्याने खाते बंद करायचे तर त्याबद्दल पैसे मिळायला हवेत, असे सरासरी उत्तर आले; परंतु बरोबरीच्या सगळ्यांचीच खाती बंद होणार असतील तर त्यासाठी स्वतः पैसे मोजायचीही अनेकांची तयारी निघाली. म्हणजे जी वस्तू नसती तर बरे झाले असते, तीच आज सगळ्यांकडे असल्यामुळे सोडवत नाही. सगळे जगच तिथे आहे, हे तुमच्या भाचीचे म्हणणे खरे आहे. पण त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. तिथे असलेल्या कित्येकांची मनःस्थिती तुमच्यासारखीच असते, एवढाच त्याचा अर्थ.

सोडल्याने नेमके काय होते, याविषयीही थोडे सांगतो, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी फार मोठमोठी विधाने केली जातात. २०१८ साली अमेरिकेत काही संशोधकांनी लोकांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्या लोकांना दिवसाला सरासरी तासभर मोकळा मिळाला. त्यातला काही वेळ त्यांनी घरच्यांत आणि मित्रमंडळींत घालवला. त्यांना थोडे अधिक बरे वाटले, पण थोडेच. आयुष्य पालटले वगैरे काही नाही. चालू घडामोडींची त्यांची माहिती मात्र कमी झाली. प्रयोग संपल्यावर बहुतेक जण परत आले, पण पूर्वीपेक्षा कमी वेळ तिथे रेंगाळू लागले. मला यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. तुम्ही दोनदा परत आलात याला तुम्ही हार समजता. परंतु परतल्यावर तुमचा वावर पूर्वीइतकाच राहिला की कमी झाला, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, कदाचित पाहिलेलेही नसेल.

आता त्या चार गोष्टींकडे येऊ. कामाचा प्रश्न मी एका वाक्यात उरकतो: कामाच्या ओळखींसाठी तुमच्या नावाचे खाते असणे पुरेसे असते, ते दिवसातून चाळीस वेळा उघडावे लागत नाही. तेव्हा कामासाठी म्हणून तिथे जाताना ते कामच आहे ना, हे स्वतःला विचारत जा.

तुलनेबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. माणूस स्वतःचे माप दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून घेतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडले होते, त्यामुळे तुमचे मन खट्टू होणे यात क्षुद्रपणा नाही. पण इथे माप घेण्याची पट्टीच वाकडी आहे. एक तर माणसे आपल्या वर्षातले चार दिवस दाखवतात आणि उरलेले घरात ठेवतात, आणि चारशे ओळखीच्यांचे असे चार चार दिवस एकत्र केले की बाकीच्यांचे आयुष्य म्हणजे रोजचाच सण वाटू लागतो. दुसरे म्हणजे, यात निव्वळ गणिताचाही एक भाग आहे. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवून दिले की बहुतेक लोकांच्या मित्रांना सरासरीने त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. कारण साधे आहे: ज्याच्या ओळखी अधिक, तो अधिक लोकांच्या यादीत असतो, म्हणून तुमच्या यादीतही तोच असण्याची शक्यता जास्त. जो अधिक लिहितो, अधिक फिरतो, अधिक दाखवतो, तोच तुमच्या पडद्यावर अधिक वेळा उमटतो. गप्प असलेली, घरी बसलेली, तुमच्यासारखीच दिवसभर काम करून थकलेली माणसे त्या यादीत आहेत. ती दिसत नाहीत इतकेच. ज्या पाच-सात जणांच्या पोस्ट पाहून तुम्हाला हमखास वाईट वाटते, त्यांना फेसबुकवर ‘अनफॉलो’ करा. मैत्री तशीच राहते, त्यांना कळतही नाही, आणि त्यांच्याबद्दल तुमच्या मनात उगाच साचणारी कटुता थांबते. यात कसला अपमानही नाही. ज्या खिडकीतून झोत येतो, तिचा पडदा ओढून घेण्याइतकीच ही गोष्ट आहे.

आता तुमच्या दुःखाविषयी. पत्रातला तो भाग मी दोनदा वाचला. दोनशेहून अधिक जणांनी लिहिले आणि धीर आला, ही गोष्ट खरी आहे. तिला ‘आभासी’ वगैरे म्हणून कमी लेखणाऱ्यांचे ऐकू नका. जिच्याशी वीस वर्षांत बोलणे झाले नाही अशा एखादीने तुमच्या वडिलांची एखादी आठवण लिहिली असेल, तर ती तुमच्यापर्यंत दुसऱ्या कोणत्या वाटेने आली असती? आणि चौथ्या दिवशी कोणी लिहिले नाही याची मोजदाद झाली, हेही तितकेच खरे आहे. माणसे असा हिशेब पूर्वीपासून ठेवत आली आहेत: कोण भेटायला आले, कोणाचे पत्र आले, कोण फिरकलेच नाही. फरक इतकाच की पूर्वी तो हिशेब धूसर असे. न आलेल्या माणसाला शंभर कारणे असू शकत आणि काही महिन्यांनी आपण ते विसरूनही जात असू. इथे मात्र नावानिशी, वेळेनिशी यादी लिहिलेली राहते, आणि त्या यादीत नसलेले नाव आपल्याला असलेल्या दोनशे नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत दिसते.

परंतु ही यादी तुम्ही समजता तशी विश्वासार्ह नाही. तुमची पोस्ट तुमच्या सगळ्या मित्रांना दाखवली जाते, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तसे होत नाही. कोणाला काय, कोणत्या क्रमाने दाखवायचे हे आकडेमोड करणारी प्रणाली ठरवते, आणि जिने गेल्या काही दिवसांत फेसबुक क्वचितच उघडले किंवा तुमच्या लिखाणावर फारशी कळ दाबली नाही, तिच्यापर्यंत ती पोस्ट पोहोचलीच नसण्याची शक्यता पुष्कळ आहे. शिवाय, अगदी जवळच्या माणसाला दोनशे जणांच्या रांगेत उभे राहून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिणे अनेकदा जमत नाही. काय लिहावे या विचारात एक दिवस जातो, मग उशीर झाल्याची लाज वाटते, मग त्या लाजेचाच अबोला होतो. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत नक्की काय घडले ते मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही ठाऊक नाही. जे कदाचित घडलेच नाही त्याचा राग तुम्ही वर्षभर सांभाळला आहे. तिला फोन करा. सुरुवात तक्रारीने करू नका. बाबांना जाऊन वर्ष झाले, तुझी आठवण झाली, इतके पुरे. तिला माहीत असूनही ती गप्प राहिली असे निघाले, तर मग रागावण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तो राग निदान खऱ्या गोष्टीवर असेल.

खबरबात हा राहिलेला भाग. आजारी मैत्रिणीविषयी उशिरा कळले याचे दुःख तुम्हाला आहे, आणि त्यावरचा तुमचा उपाय होता सगळ्यांचे सगळे पाहण्यासाठी परत येणे. हे म्हणजे एका पत्रासाठी साऱ्या गावाची टपाल थैली घरी आणून ठेवण्यासारखे झाले. ज्या दहा-बारा माणसांचे बरेवाईट आपल्याला कळलेच पाहिजे असे तुम्हाला वाटते, त्यांची नावे लिहा. बारापेक्षा जास्त झाली तर पुन्हा विचार करा. त्यांच्यातल्या एक-दोघींना स्पष्ट सांगून ठेवा: मी तिथे फारशी नसते, काही घडले तर मला फोन करत जा. असे सांगायला आपल्याला संकोच वाटतो, जणू आपण काही जास्तीचे मागत आहोत. परंतु ज्यांना आपण हवे असतो त्यांना हे सांगितलेले आवडते.

आता व्यवहारातले थोडे. पुढचे तीन आठवडे खाते बंद करू नका. फक्त फोनवरून दोन्ही ॲप काढा आणि जे पाहायचे ते संगणकावर, दिवसाच्या एका ठरलेल्या वेळी पाहा. पूर्ण बंदीपेक्षा मर्यादा घालण्याचा मार्ग मी सुचवतो, कारण २०१८ मध्येच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी तीन आठवडे प्रत्येक माध्यम दिवसाला दहा मिनिटांपुरतेच वापरले, आणि त्यांचे एकटेपण व खिन्नता कमी झाल्याचे आढळले. विद्यार्थी १४३ च होते, सगळे एकाच विद्यापीठातले होते, त्यामुळे या निष्कर्षाला वेदवाक्य मानू नये. मला त्यातली दुसरी एक गोष्ट अधिक रोचक वाटली: ज्या गटावर मर्यादा नव्हती, ज्यांच्या वापराची फक्त नोंद होत होती, त्यांचीही ‘आपले काही हुकते आहे’ ही धास्ती काही प्रमाणात उतरली. म्हणून एक वही ठेवा आणि प्रत्येक बैठकीनंतर त्यात एकच ओळ लिहा: कशासाठी गेले होते आणि उठताना कसे वाटले. निर्णय आत्ता घेऊ नका; तीन आठवड्यांनी वही वाचा आणि मग ठरवा.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर २०२१ पासून लाईकचे आकडे लपवण्याची सोय आहे. आपल्या पोस्टचेही आणि इतरांचेही. तुमच्यासारख्या मोजदाद करणाऱ्या मनाला (माझेही मन तसलेच आहे) ती फार उपयोगी पडते. आणि ॲप काढल्यावर पहिले काही दिवस अंगठा उगाच पडद्यावर हिंडेल याची तयारी ठेवा. मी असा प्रयोग केला तेव्हा माझा अंगठा सवयीने हवामानाच्या ॲपवर जाऊन थांबू लागला, आणि त्या महिन्यात पावसाचा अंदाज मला घरातल्या कोणाहीपेक्षा अधिक अचूक सांगता येत होता. यजमानांना मात्र एक काम जरूर सांगा: ‘काढून टाक’ म्हणण्याऐवजी, तुम्ही हातात फोन घेऊन बराच वेळ बसलेल्या दिसलात तर त्यांनी शेजारी येऊन बसावे. बोलले नाही तरी चालेल.

राहिले वडिलांचे खाते. मला वाटते, तुम्ही सोडून जात नाही याचे एक मोठे कारण हे आहे, आणि ते तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिले आहे. तुमचे स्वतःचे खाते कायमचे पुसले तर त्यांच्या फोटोंखाली तुम्ही लिहिलेले शब्दही जातील आणि जे फोटो त्यांनी फक्त मित्रांसाठी ठेवले होते ते तुम्हाला दिसणार नाहीत. तेव्हा तुमची भीती निराधार नाही. म्हणून दुसरे काहीही करण्याआधी ते फोटो उतरवून घ्या, आणि तुमच्या त्या पोस्टखाली लोकांनी लिहिलेले सारे शब्दही पडद्याची छायाचित्रे काढून जपून ठेवा. फेसबुक आपल्या माहितीची प्रत देते, परंतु इतरांनी लिहिलेले सगळे त्यात येईलच असे धरून चालू नका. हे काम एका बैठकीत होणार नाही आणि ते एकटीने करू नका.

दिवंगत व्यक्तीचे खाते स्मृतिखाते करून घेण्याची सोय फेसबुकवर २००९ पासून आहे. त्यासाठी जवळच्या व्यक्तीने निधनाचा पुरावा जोडून विनंती करावी लागते. त्यानंतर नावाशेजारी ते स्मृतिखाते असल्याचे दिसते, पूर्वीचे फोटो आणि लिखाण ज्यांना दिसत होते त्यांना दिसत राहते, आणि वाढदिवसाची आठवण येणे थांबते. मात्र एकदा तसे केले की त्या खात्यात कोणालाही शिरता येत नाही, म्हणून आधी आई असल्यास त्यांच्याशी आणि भावंडांशी बोलून घ्या. बोलताना एक गोष्ट आवर्जून विचारा: ज्या आठवणीने तुम्ही फोन आपटलात, तीच दरवर्षी यावी असे त्यांच्यापैकी कोणाला वाटते का.